साडेअकरा इंचांची नवरी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाची सुट्टीला आली ती बाहुलीचं लग्न ठरवूनच. नवरी हिची, नवरा शेजारच्या मुलीचा, आणि मुहूर्त अकरा दिवसांनी. "आत्या, हिच्याकडे सगळे फ्रॉकच आहेत. हिला नऊवारी हवी आणि खणाचं परकर-पोलकं हवं. तू शिवशील ना?" आठ वर्षांची मुलगी बाहुली पुढे धरून असं विचारते तेव्हा दुसरं काही सुचत नाही. मी हो म्हटलं.

शिवणातलं माझं ज्ञान बटणं लावणं, साडीला फॉल लावणं आणि उशीचे अभ्रे मशीनवर मारणं इतकंच होतं. बाहुली बार्बीच्या मापाची, म्हणजे ११.५ इंच उंच. एवढीशी तर आहे, तिला कापड ते किती आणि वेळ तो किती लागणार, असं मी धरून चालले. पुढच्या अकरा दिवसांत जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण दुकानात जायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर पहिली खरेदी जवळजवळ सगळी बाजूला ठेवावी लागली नसती.

पहिल्या दिवशी मी तुळशीबागेत गेले. 'नवशिक्यांसाठी' म्हणून मिळणारा शिवणाचा एक डबा घेतला. त्यात वीस रंगांची छोटी रिळं, सुयांचं पाकीट, टाचण्या, मोजपट्टी आणि एक कात्री. शिवाय एक इंची जरीची लेस, वेल्क्रो, टिचबटणांचा पत्ता, टेलरचा खडू, अर्धा मीटर सॅटिन आणि लाल खणाचं कापड. मशीनच्या सुया मागितल्यावर दुकानदाराने "कुठल्या नंबरच्या?" विचारलं. मी "साध्याच द्या" म्हटलं आणि त्यांनी १६ नंबरच्या दिल्या. त्यांची काही चूक नव्हती. जाड कापडं शिवणारे त्याच नेतात.

संध्याकाळी ही सगळी मांडामांड घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू चाळीसेक वर्षं ब्लाउज शिवतात. त्यांनी बाहुली हातात घेतली, माझी एक इंची लेस तिच्या पायाशी लावून धरली आणि म्हणाल्या, "अगं, ही साधारण आपल्या सहाव्या हिश्शाची आहे. म्हणजे तू साडीला सहा इंचांचा काठ लावते आहेस. चालेल का तुला?"

तो सहाचा आकडा पुढे सगळीकडे कामाला आला. साडेअकराला सहाने गुणलं की ६९ इंच होतात, म्हणजे पावणेसहा फुटांची उंच बाई. बाहुलीच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट सहापट करून बघायची. सात मिलिमीटरचं टिचबटण म्हणजे आपल्या पाठीवर चार सेंटिमीटरची चकती. खडूची दोन मिलिमीटर जाड रेघ म्हणजे बारा मिलिमीटर, जवळजवळ अर्धा इंच. तेवढा फरक पोलक्याला दोन्ही बाजूंनी पडला तर ते पाठीवर मिटतच नाही. आणि कापड? माप लहान करता येतं, पण कापडाची जाडी तीच राहते. माझं सॅटिन हातात केवढं मऊ वाटत होतं! बाहुलीच्या अंगावर तेच जाड कांबळ्यासारखं उभं राहिलं. परकराच्या चुण्या खाली पडेनात, छत्रीसारख्या बाहेर पसरल्या.

"कापड विकत कशाला घ्यायचं?" काकू म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचं जुनं धोतर आहे का घरात?"

होतं. माळ्यावरच्या गाठोड्यात होतं, शंभरदा धुतलेलं, सायीसारखं मऊ. आपल्याकडे बाळंतविड्यातली दुपटी, लंगोट जुन्या धोतरांचे का करायचे ते मला तेव्हा हाताला कळलं. नव्या कापडात असते ती खळ त्यातून गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, आणि विणीतला ताठरपणा उरलेला नसतो. बाहुलीसाठी याहून चांगलं कापड मला अजून मिळालेलं नाही. धोतर नसेल तर मलमल, वायल, नाहीतर ब्लाउजचं टू बाय टू. पुरुषांचे जुने सुती रुमालही फार उपयोगी, कारण त्यांची कडा आधीच बारीक दुमडून शिवलेली असते आणि तीच कडा परकराचा खालचा घेर म्हणून वापरली की दुमड घालायचं काम वाचतं. छापील कापड घ्यायचं तर नक्षी हरभऱ्याच्या डाळीएवढी असावी. मोठं फूल असलं तर बाहुलीच्या छातीवर त्याची एकच पाकळी येते.

दुसऱ्या खेपेला काकू बरोबर आल्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत लेस, मणी, रिबिनी यांची दुकानं ओळीनं आहेत, तिथे आम्ही दोन तास घालवले. या वेळी यादी आखूड होती.

सुयांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच झाला. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं उलट, नंबर वाढला की सुई जाड. म्हणजे हाताची १० नंबरची सुई केसासारखी आणि मशीनची १६ नंबरची जाडजूड. मलमलीला आणि धोतराच्या कापडाला मशीनची ९ किंवा ११ नंबरचीच सुई लागते. माझ्या १६ नंबरने त्या कापडाला अशी भोकं पडत होती की टीप उसवल्यावरही ती दिसत राहायची. सुती दोऱ्याचा हिशेब पुन्हा हाताच्या सुईसारखा, ६० नंबरचा दोरा ४० पेक्षा बारीक. मी पांढरं, लाल आणि हिरवं अशी तीनच रिळं घेतली. डब्यातली वीस रिळं दिसायला सुंदर होती, पण दोरा हातानं ओढला तरी तुटायचा आणि मशीनमध्ये त्याचा भुसा पडायचा. नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. मीही पहिले दोन दिवस तसंच समजत होते. दोरा बदलल्यावर टीप सरळ आली.

हातशिलाईसाठी ९ नंबरच्या सुया घेतल्या. त्यांच्या नेढ्यात दोरा ओवणं माझ्या डोळ्यांना जड जातं, म्हणून पत्र्याची पातळ तार असलेली ओवणी घेतली. फार स्वस्त वस्तू आणि फार मोलाची. टाचण्या काचेच्या डोक्याच्या, बारीक. ऑफिसच्या टाचण्या इतक्या जाड की दीड इंचाच्या बाहीत एक टोचली तरी कापड गोळा होतं. खरं तर बाहीला टाचण्या लावूच नयेत, कच्चे टाके घालावेत. दोन मिनिटं जास्त लागतात, पण कापड जागचं हलत नाही.

खडू मी ठेवूनच दिला. काकूंनी न्हाणीघरातली साबणाची झिजलेली चिपटी दिली. तिची कडा पातळ असते, रेघ बारीक उमटते आणि पाणी लागलं की जाते. फिक्या कापडावर टोकदार पेन्सिल.

माप घ्यायची पद्धत मात्र भाचीला फार आवडली. बाहुलीला आधी पोळ्या गुंडाळायची पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली, वर कागदी चिकटपट्टी लावली, आणि त्यावर पेनने मधली रेघ, कुशीची रेघ, गळा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) असं सगळं काढलं. मग पाठीमागून कापून तो साचा सोलून काढला आणि रेघांवरून त्याचे तुकडे केले. ते सपाट केले की पोलक्याचे भाग समोर तयार. त्याला भोवती पाव इंच माया, म्हणजे शिलाईसाठी जास्तीचं कापड, धरून कागदावर उतरवलं. आमच्या बाहुलीची छाती सव्वापाच इंच आणि कंबर साडेतीन भरली. मोजपट्टीने मी आधी मोजलं होतं ते पाव इंचाने चुकलं होतं, कारण पट्टीच तिच्या कमरेला नीट वळत नाही. मोजायचंच झालं तर दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरावा.

आता मशीन. आमच्या घरी झिगझॅगचं इलेक्ट्रिक मशीन आहे. पहिली टीप मारली आणि कापडाचा कोपरा सुईबरोबर खाली ओढला गेला, बॉबीनमध्ये दोऱ्याचा गुंता झाला, आणि कापून काढावा लागला. धोतराचा तो तुकडा पुन्हा मिळणार नव्हता म्हणून जास्त वाईट वाटलं. कारण नंतर समजलं. झिगझॅगच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीला सुई डावी-उजवीकडे जाण्यासाठी लांबट फट असते, आणि पातळ कापड तीत शिरतं. काकूंच्या काळ्या पायमशीनला सुईपुरतं एकच बारीक भोक आहे, त्यामुळे त्यावर हा त्रास बराच कमी होतो. माझ्या मशीनवर उपाय म्हणजे कापडाखाली बटर पेपरची पट्टी घालायची आणि टीप झाल्यावर ती फाडून टाकायची. सुरुवात कापडावर करायचीच नाही. आधी एका चिंधीवर दोन-चार टाके मारायचे आणि तिथूनच सरळ आपल्या कापडावर जायचं. दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिल्या टाक्यांना बोटानं मागे धरून ठेवायची. टीप बारीक, दोन मिलिमीटरची किंवा त्याहून थोडी कमी. आणि मुंढ्याच्या वळणावर पायाला विश्रांती द्यायची, चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यायचा.

पोलकं शिवताना क्रम बदलावा लागला. आपल्या ब्लाउजला कुशीची शिलाई आधी घालून गोल बाही नंतर बसवली तरी चालते, कारण मुंढ्यात हात घालायला जागा असते. इथे मुंढा अंगठीएवढा. म्हणून खांदे जोडायचे, कापड सपाट असतानाच बाही लावायची, आणि मग बाहीच्या तोंडापासून कुशीमार्गे कमरेपर्यंत एकच टीप मारायची. शिवून झालं की माया अर्ध्यावर छाटायची आणि बगलेत व गळ्याला बारीक कातरे द्यायचे. त्यासाठी दोरे तोडायची छोटी कात्री लागते, मोठीचं टोक तिथे शिरत नाही आणि शिरलं तर टीप कापतं. एवढीशी बाही सुलटी करायला मी उदबत्तीची काडी वापरली, ती मोडली. क्रोशाची सुई बरोबर चालली. इस्त्री करायला जाड पेन्सिलीला मलमल गुंडाळायची, ती बाहीत घालायची आणि इस्त्रीचं टोक वरून फिरवायचं. इस्त्रीनंतर ते पोलकं एकदम खरं दिसायला लागतं. तोपर्यंत ते चिंधीसारखंच दिसत असतं, म्हणून आधीच नाउमेद होऊ नये.

खणाची गोष्ट वेगळी. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणांची बारीक बुट्टी बाहुलीला शोभते, जणू तिच्या मापानेच विणलेली. पण खण ताठ असतो आणि कापलं की त्याचे धागे सुटतात. पाव इंच मायेतला निम्मा भाग सुटून गेला तर शिलाईला धरायला काही उरत नाही. कडेला पिको केला तर तो इतका जाड होतो की पोलक्याच्या आत दोरी ठेवल्यासारखं वाटतं. मी कापायच्या आधी रेघेवरून बिनरंगाचं नेलपॉलिश अगदी बारीक ओढलं, वाळू दिलं आणि मग कापलं. धागे सुटणं थांबलं. जास्त लावलं तर कडा कडक होते आणि डागही दिसतो, म्हणून आधी चिंधीवर बघावं.

पहिलं लाल पोलकं मी बिनअस्तराचं शिवलं आणि बाहुलीला घातलं. ते भाचीला इतकं आवडलं की चार दिवस तिनं काढूच दिलं नाही. पाचव्या दिवशी काढलं तर बाहुलीच्या खांद्यांवर आणि पाठीवर गुलाबी डाग. कापडाचा रंग प्लॅस्टिकमध्ये उतरला होता. साबण, पाणी, कशाने तो हलेना. भाचीचा चेहरा मला बघवला नाही. ती काही बोलली नाही, बाहुलीला पाठ वरती करून मांडीवर घेऊन बसली.

तो डाग कमी करायला मुरुमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम उपयोगी पडलं. डागापुरतं लावायचं, वर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची आणि उन्हात ठेवायचं. चेहऱ्याच्या रंगाजवळ ते जाऊ द्यायचं नाही आणि मुलांच्या हाती द्यायचं नाही. पाठीवर तीन दिवसांत डाग पुष्कळ फिका झाला, खांद्यावर अजून किंचित आहे. त्यानंतर मी नियमच केला. लाल, काळं, गडद निळं कापड बेतायच्या आधी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं, ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून बघायचा, आणि आत पांढऱ्या मलमलीचं पूर्ण अस्तर लावायचं. अस्तराने दुसरंही काम होतं. खण आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून गळ्याला आणि पाठीच्या उभ्या कडांना जोडलं आणि उलटवलं की त्या कडा आपोआप आत जातात, तिथे दुमड घालायची गरजच राहत नाही.

बंद कशाने करायचं, यावर मी सगळ्यात जास्त प्रयोग केले. वेल्क्रो लहान मुलांना सोपा म्हणतात, पण त्याची खरखरीत बाजू बाहुलीच्या केसांत अडकते आणि मलमलीचे धागे ओढते. हूक आणि आकडा बाहुलीच्या पाठीला मोठा दिसतो. शेवटी पोलक्याला मोहरीएवढे मणी बटणं म्हणून लावले आणि समोरच्या कडेला दोऱ्याचे लूप केले. ब्लाउजच्या पट्टीवर हुकासाठी काकू करतात तसेच, दोन-तीन धाग्यांवर काज्याचा टाका घट्ट घालत जायचा. एका लुपाला मला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, चौथ्याला सात. परकराला एकच सर्वात लहान टिचबटण लावलं. कमरेत घालायला बारीक गोल इलॅस्टिकही मिळतं, पण चुण्या आणि इलॅस्टिक मिळून कंबर फुगते.

पाठ मात्र वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडी हवी. बाहुलीचा अंगठा बाहेर असतो, तो बाहीत अडकतो आणि मुलं ओढतात तेव्हा शिवण सुटते. हाताला आधी प्लॅस्टिकची छोटी पिशवी घालायची, मग बाही सरकते. हे भाचीनं शोधलं.

राहिली नऊवारी. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याचा सहावा हिस्सा ५४ इंच. रुंदी आठ इंच. मी धोतराचं तेवढं कापड मोजून घेतलं, हिरवं रंगवलं, दोन्ही कडांना पाव इंची सोनेरी रिबीन लावली आणि नेसवायला बसले. गणित बरोबर होतं, पण नवरी गरोदर दिसायला लागली. इथे पुन्हा जाडीचाच प्रश्न. निऱ्यांचे दहा थर कमरेशी आले की ते सहाव्या हिश्शाचे होत नाहीत. काकूंनी लांबी ३६ इंचांवर आणली, तरी काष्टा राहीना. मग शिवलेल्या नऊवारीचीच वाट धरली. दोन पाय सैल पायजम्यासारखे वेगळे शिवले, पुढच्या निऱ्या पाचच घातल्या, त्या इस्त्रीने दाबून कमरेपाशी टाक्यांनी पक्क्या केल्या. काष्ट्याची पट्टी वेगळी शिवून मागे खोचली, आणि पदर खांद्यावर एका टाक्याने धरला. तो टाका पोलक्यात न घालता पदराच्या आतल्या बाजूला लूप करून पोलक्यावरच्या मण्यात अडकवला, म्हणजे साडी काढता येते. रिबिनीची कडा विणलेली असल्यामुळे काठ लावल्यावर साडीला वेगळी दुमड घालावी लागली नाही. काकूंनी काष्टा दोनदा सोडून पुन्हा बसवला. म्हणाल्या, "मागून बघणारेही असतात लग्नाला."

आदल्या रात्री शेजारची मुलगी डोळ्यांत पाणी घेऊन आली. नवऱ्याला सूट होता, धोतर नव्हतं. धोतराचं कापड तर माझ्याजवळ होतंच, खऱ्या धोतराचं. कडेची मूळ किनार फार रुंद पडत होती, म्हणून मी मधला भाग घेतला आणि कडेला लाल भरतकामाच्या दोऱ्याची एक पदरी ओळ हाताने टाकली. त्या बारीक लाल रेघेइतकं समाधान मला साडीच्या काठानेही दिलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

लग्न गॅलरीत लागलं. आंतरपाटाला रुमाल, अक्षता तांदळाच्या, मंगलाष्टकं काकूंनी म्हटली. जेवणाला भातुकलीत चुरमुरे आणि गूळ. दुपारपर्यंत मुलींनी नवरीचे कपडे चार वेळा बदलले. मणी आणि लूप सगळे टिकले. परकराचं टिचबटण तेवढं कापडासकट उपटून आलं, कारण तिथे मी आतून कापडाचा दुसरा थर लावायला विसरले होते. एकपदरी मलमलीवर बटण राहत नाही, खाली कापडाचा छोटा चौकोन हवाच.

भाची तो परकर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, हे मी लावते. तू फक्त सांग." मी तिला ७ नंबरची सुई दिली, नेढं जरा मोठं असलेली, आणि दोरा तिच्या कोपरापर्यंत पुरेल एवढाच तोडून दिला.